न मागितलेली पुस्तके

गेल्या मार्चमध्ये मंडळाच्या कार्यकारिणीने एक काम माझ्या गळ्यात मारले. मंडळाच्या वाचनालयाची पुस्तके, म्हणजे एकूण तेवीस खोकी, सध्या आमच्या बेसमेंटमध्ये आहेत. त्यात दर वर्षी कुणीतरी घर बदलताना आणखी दोन पिशव्या आणून ठेवतो. "तुम्ही कॉम्प्युटरवाले, शिवाय लायब्ररीचं प्रोजेक्ट केलेले. एक यादी करा आणि तीन वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही ते काढून टाका," असे अध्यक्षांनी सांगितले. नियम सरळ होता आणि काम एका शनिवारचे. ते अजून झालेले नाही. का झाले नाही, याचा खुलासा मी कार्यकारिणीच्या मीटिंगऐवजी स्मरणिकेत करतो आहे, कारण मीटिंगमध्ये मला बोलायला पाच मिनिटे मिळतात.

मी व्यवसायाने आय.टी. सल्लागार. २००३ साली एम.एस. करायला अमेरिकेत आलो आणि इथलाच झालो. बँका, विमा कंपन्या, हॉस्पिटले अशी कामे करत असताना २०१६ साली एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे काम हाती आले. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट त्यांची कमी आणि माझी जास्त आहे. कामाचे स्वरूप होते, नव्या पुस्तकांची निवड आणि खरेदी सुटसुटीत करणे.

ग्रंथालय पुस्तक विकत घेते म्हणजे नक्की काय करते, याचा मी तोपर्यंत कधी विचारच केला नव्हता. माझी कल्पना अशी, की एक चष्मेवाली बाई कॅटलॉग वाचते आणि खुणा करते. पूर्वी बरेचसे तसेच होते. मग १९६० च्या दशकात ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या रिचर्ड एबल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने एक पद्धत रुळवली. ग्रंथालयाने आपली आवड एकदाच लिहून द्यायची, कोणते विषय, कोणते प्रकाशक, कोणती पातळी, किमतीची मर्यादा किती, भाषा कोणती. याला 'प्रोफाइल' म्हणतात. त्यात बसणारे प्रत्येक नवे पुस्तक विक्रेता आपणहून पाठवतो आणि नको असेल तर ते परत करायचे. एबलची कंपनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर बुडाली, पद्धत मात्र टिकली. ज्या पुस्तकाबद्दल शंका असेल त्याची फक्त सूचना येते, आणि जे प्रोफाइलमध्ये अजिबात बसत नाही ते कुणी मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाही.

पुढची पायरी आणखी हुशार. ई-पुस्तके आल्यावर ग्रंथालयांनी विकत न घेतलेल्या हजारो पुस्तकांच्या नोंदी आपल्या कॅटलॉगमध्ये भरून ठेवायला सुरुवात केली. एखाद्या विद्यार्थ्याने त्यातले पुस्तक उघडून ठरावीक मिनिटे वाचले किंवा ठरावीक पाने उलटली, की खरेदी आपोआप होते. त्याला पत्ताही नसतो की आपण आत्ता विद्यापीठाचे शंभर डॉलर खर्च केले. छापील पुस्तकांच्या बाबतीत पर्ड्यू विद्यापीठाने २००० सालीच याच्या जवळपासचा प्रकार सुरू केला होता. वाचकाने दुसऱ्या ग्रंथालयातून मागवलेले पुस्तक उसने आणण्याऐवजी सरळ विकत घ्यायचे. माझ्यासारख्या माणसाला हे सगळे बेहद्द आवडले. गोदामात माल साठवून ठेवायचा नाही, मागणी आली की आणायचा. मोटारींच्या कारखान्यात चालते ते पुस्तकांना का चालू नये?

आणि हे नुसते व्यापारी डोके नव्हते, त्यामागे न्यायाचा विचारही होता. पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांचा पुढे अभ्यास झाला, तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही कुणी नेली नव्हती. २०१० साली कॉर्नेलने आपलाच हिशोब मांडला. १९९० नंतर घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ५५ टक्के कधीच बाहेर गेली नव्हती. त्याच वर्षी कुरान्ट आणि नील्सन या दोघांनी गणित केले, की उघड्या रॅकवर एक पुस्तक ठेवायला जागा, वीज, देखभाल धरून वर्षाला सुमारे सव्वाचार डॉलर लागतात. म्हणजे न वाचलेले पुस्तकही दर वर्षी भाडे खाते. हे पैसे कुणाचे? ज्या मुलीने फीसाठी कर्ज काढले आहे आणि जी रात्री पिझ्झाच्या दुकानात उभी राहते, तिचे. तिला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हवे असलेले नर्सिंगचे पुस्तक ग्रंथालयात नाही, पण एका निवृत्त प्राध्यापकाच्या छंदाचे दोन रॅक भरलेले आहेत. हे दोन रॅक मी स्वतः पाहिले आहेत. पुस्तक निवडणारा माणूस असला म्हणजे निवड चांगलीच होते, असे कुणी सांगू लागला तर मला ते रॅक आठवतात.

काही लोक अशा वेळी आंब्याचे झाड लावणाऱ्या म्हाताऱ्याचा दाखला देतात. तो मला कधीच पटला नाही. म्हातारा आपल्या जमिनीत, आपल्या घामाने झाड लावतो. दुसऱ्याच्या फीमधून झाड लावायचे असेल तर आधी त्याला विचारायला नको का?

तर मी नियम लिहिले. भाषा आणि विषय यांप्रमाणे गट पाडले, गेल्या दहा वर्षांचा वापर काढला, एक किमान मर्यादा ठरवली आणि तिच्याखालच्या गटांची आपोआप खरेदी बंद, फक्त मागणी आल्यास खरेदी, असे सुचवले. मर्यादेखाली गेलेल्या गटांत दक्षिण आशियाई भाषा होत्या आणि त्यांत अर्थातच मराठी. मराठीच्या यादीत बहुतेक ओळींपुढे शून्य होते. थोडे वाईट वाटले. पण आपली भाषा म्हणून सवलत द्यायची नाही, हे मी मनाला बजावले आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

त्या विभागाच्या ग्रंथपाल साठी ओलांडलेल्या अमेरिकन बाई होत्या. तरुणपणी पुण्यात राहून मराठी शिकलेल्या. त्यांचे मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होते, 'ण' आणि 'न' यांची गफलत त्या कधी करत नसत. त्या भांडतील म्हणून मी तयारीने गेलो होतो. त्यांनी यादी शांतपणे चाळली आणि म्हणाल्या, "हे आकडे घरी नेलेल्या पुस्तकांचे आहेत. इथं बसून वाचलेल्यांचे आमच्याकडे पुरेसे नाहीत. टेबलावर राहिलेली पुस्तकं आम्ही संध्याकाळी मोजतो. पण लोक ती परत रॅकमध्ये ठेवतात. पाट्या लावून थकलो."

मी ते वहीत लिहून घेतले. मोजणीतली त्रुटी म्हणून लिहून घेतले, त्याहून जास्त काही नाही. रात्री हॉटेलवर अहवाल लिहायला बसलो तेव्हा मात्र हात थांबला.

२००३ चा हिवाळा. मध्यपश्चिमेतले दुसरे एक विद्यापीठ, दोन खोल्यांत चार मुले, हॉलमध्ये एक सोफा आणि त्यावर कायम कुणीतरी झोपलेला. डॉलरला ४६ ने गुणायची सवय अजून सुटली नव्हती. ग्रंथालय मध्यरात्रीपर्यंत उघडे आणि गरम असायचे म्हणून मी तिथे जाऊन बसायचो. एकदा चौथ्या मजल्यावर वाट चुकलो आणि समोर देवनागरी दिसले. 'पी.के. २४१८' या क्रमांकाखाली ओळीने मराठी पुस्तके. भारतात असताना मी अभ्यासाबाहेरचे मराठी पुस्तक क्वचितच उघडले होते. आमच्यात हुशार मुलगा म्हणजे गणितवाला. तिथे उभ्या उभ्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढली, आणि मग खाली कार्पेटवरच बसलो.

माझे वडील माण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. 'बनगरवाडी'तला मास्तर पहिल्या नेमणुकीला मेंढक्यांच्या वाडीवर पोचतो, तेव्हा माझ्या लक्षात आले की आपल्या वडिलांची पहिली नेमणूक कुठे होती हेही आपल्याला माहीत नाही. वडील ई-मेल वापरत नसत. तोवर माझा निरोप भावाला इंग्रजीत जायचा आणि तो त्यांना सांगायचा. त्या आठवड्यात मी त्यांना मराठीत पत्र लिहिले. उत्तर आले, सात पानी. मग मी आणखी विचारत गेलो. अशी चार पत्रे माझ्याकडे आहेत. २००५ च्या उन्हाळ्यात ते गेले.

त्या दोन हिवाळ्यांत मी त्या रॅकमधली तीसेक पुस्तके तरी वाचली असतील. एकही घरी नेले नाही. उशीर झाला तर दंड डॉलरमध्ये, ही एक भीती, आणि खोलीतली मुले कादंबऱ्या वाचणाऱ्याची टिंगल करतील, ही दुसरी. वाचून झाले की पुस्तक नीट जागेवर ठेवायचो. रॅकवर पाटी होती, पुस्तके परत ठेवू नका, टेबलावर ठेवा. ती पाटी ज्यांना नीट लावता येत नाही त्यांच्यासाठी असणार, अशी माझी समजूत. वस्तू जिथून घेतली तिथे ठेवायची, ही आईची शिस्त.

म्हणजे त्या ग्रंथालयाच्या हिशोबात मी शून्य होतो. माझ्या नियमाने ती पुस्तके मर्यादेखालीच गेली असती.

ती पुस्तके तिथे पोचली कशी, हे मी नंतर शोधले. आपल्या आजीच्या पिढीला पी.एल. ४८० म्हटले की रेशनचा गहू आठवतो. १९५४ च्या त्या अमेरिकन कायद्याखाली भारताला धान्य मिळाले आणि त्याची किंमत रुपयांत चुकती झाली. हे रुपये अमेरिकेला भारतातच खर्च करावे लागत. १९५८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्यातून पुस्तके घेण्याची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाली, आणि १९६२ पासून तिच्या दिल्लीच्या कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. निवड होती, पण ती सैल होती. कादंबऱ्या, संतवाङ्मय, सरकारी अहवाल, सहकारी संस्थांचे रौप्यमहोत्सवी अंक. पाठवणाऱ्यांना ठाऊक होते की यातले पुढे काय लागेल हे आपल्याला कळत नाही. रुपये सहज हाताशी होते म्हणून हे औदार्य परवडले, हेही खरे. पुढे तो साठा संपला आणि ग्रंथालयांना स्वतःचे पैसे घालावे लागू लागले. दिल्लीचे कार्यालय मात्र आजही चालू आहे.

त्या रात्री मी जो प्रश्न घेऊन बसलो तो अजून सुटलेला नाही. मी कधी 'बनगरवाडी' मागितली नव्हती. मागणीवर चालणाऱ्या ग्रंथालयात ती आली नसती, मी चौथ्या मजल्यावर वाट चुकलो असतो तर दुसऱ्या कुठल्या रॅकसमोर चुकलो असतो, आणि माझी काहीच तक्रार नसती. एम.एस. झालेच असते, नोकरी लागलीच असती. आपले काय हुकले हे ज्याला कधीच कळणार नाही, त्याचे नुकसान झाले असे म्हणता येते का? खोलीतला एक मित्र पुढे मला म्हणाला होता, "नाही म्हणता येत. जे माहीतच नाही त्याचं दुःख कसलं?" तर्क म्हणून त्याला उत्तर देणे कठीण आहे. पण चार पत्रांचा गठ्ठा कपाटात असताना मला ते मान्य करता येत नाही. नुकसान झाले असते. ते फक्त मला कळले नसते, एवढेच.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर दोन चुका सारख्या नसतात. नको असलेले पुस्तक घेतले, तर ती चूक रॅकवर बसून राहते. तिच्यापुढे शून्य दिसते, तिचे भाडे दिसते, तिच्यावर अभ्यास प्रसिद्ध होतात. हवे असलेले पुस्तक घेतले नाही, तर त्या चुकीची कुठे ओळच नसते. पिट्सबर्गच्या ४० टक्क्यांवर मी स्लाइड करू शकतो. न घेतलेल्या पुस्तकांवर कसली स्लाइड करणार? त्यामुळे मोजून मोजून सुधारणा करत गेलो, की आपण फक्त पहिली चूक कमी करत जातो आणि दुसरी वाढते आहे की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

त्यात मराठीची आणखी एक अडचण आहे, जी माझ्या नियमात नव्हती. 'लागेल तेव्हा घेऊ' याचा अर्थ, लागेल तेव्हा ते बाजारात असेल. मोठ्या इंग्रजी प्रकाशकांच्या ई-पुस्तकांबद्दल हे बऱ्यापैकी खरे आहे. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघते, संपते, आणि प्रकाशक पुन्हा काढेलच असे नाही. पंधरा वर्षांनी कुणाला ते हवे झाले तर विकत कुठून घेणार? (इंग्रजीचीही आता पूर्ण खात्री राहिलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत क्लॅरिव्हेट कंपनीने ग्रंथालयांना पुस्तके एकरकमी, कायमची विकणे थांबवून वर्गणीच्या पद्धतीकडे जाण्याचे जाहीर केले. ओरड झाल्यावर २०२६ च्या जूनपर्यंत मुदत वाढवली.) आपली ही स्मरणिकाच घ्या. ती कुठल्या प्रोफाइलमध्ये बसेल?

आपल्या रंगनाथनांनी १९३१ साली मद्रासला ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ते मूळचे गणिताचे अध्यापक, म्हणून मला जवळचे वाटतात. एका सूत्रात ते वाचकाला त्याचे पुस्तक मिळवून द्यायला सांगतात आणि लगेच पुढच्यात पुस्तकाला त्याचा वाचक. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. माझ्या प्रोजेक्टने यातले पहिले सूत्र फार चांगले पाळले. नर्सिंगच्या मुलीला पुस्तक आता दोन दिवसांत मिळते, पूर्वी पाच आठवडे लागत. ते काम मला आजही चुकीचे वाटत नाही. दुसऱ्या सूत्रासाठी माझ्या आराखड्यात रकानाच नव्हता.

मग मी काय केले? हे लिहायला जड जाते. अहवालाच्या शेवटी परिशिष्टात एक ओळ घातली, की ग्रंथालयात बसून केलेल्या वाचनाचा या आकड्यांत समावेश नाही. ओळ खरी होती. प्रेझेंटेशनमध्ये मी तिचा उल्लेख केला नाही. अर्धा तास होता, समोर पैसे देणारे होते, आणि कंपनीला पुढच्या टप्प्याचे काम हवे होते. मोठ्या भाषा थोड्या हात आखडून घ्या आणि छोट्यांसाठी ठरावीक रक्कम बाजूला ठेवा, वापराचा प्रश्न न विचारता, एवढे म्हणायला एक स्लाइड पुरली असती. खर्चही एकूण रकमेच्या मानाने किरकोळ होता. पण मराठी माणूस मराठीची बाजू घेतो आहे असे दिसेल, ही धास्ती होती. निःपक्षपातीपणा दाखवायच्या नादात मी जे मला ठाऊक होते तेच लपवले. नियम जसाच्या तसा मंजूर झाला.

पुढच्या जूनमध्ये त्या बाई निवृत्त झाल्या. त्यांची जागा भरली नाही, तो विभाग दुसऱ्या दोन विभागांबरोबर एकाच ग्रंथपालाकडे दिला. निरोपाच्या ई-मेलला मी उत्तर पाठवले, तेव्हा 'बनगरवाडी'ची गोष्ट सांगितली. त्यांनी उलट लिहिले, "हे तुम्ही मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं." बाकी तब्येतीची चौकशी होती.

तर अध्यक्षसाहेब, तेवीस खोक्यांची यादी तयार आहे. नावे, लेखक, साल, सगळे एक्सेलमध्ये घातले आहे. कोण काय घेऊन गेले त्याची जुनी वहीही टाइप केली आहे, आणि तीन वर्षांत न नेलेली पुस्तके काढायची म्हटली तर अठरा खोकी जातात. जागेची अडचण खोटी नाही. बेसमेंट कोरडे ठेवायला डिह्युमिडिफायर लावला आहे आणि त्याच्या विजेच्या बिलावरून घरात बोलणी बसतात. एकाच कादंबरीच्या चार-चार प्रती, जुनी सी.ई.टी.ची गाइडे, पाणी लागून चिकटलेले दिवाळी अंक, हे मी काढले आहे. तीन खोकी त्यातच गेली. उरलेल्यांना मी हात लावलेला नाही.

गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या कॅफेटेरियात तीन टेबले मांडून ठेवीन, आरतीपासून जेवणाची भांडी आवरेपर्यंत. मुलांचे नाटक बसवायला आलेल्यांना दुपारी बराच वेळ मोकळा असतो. घरी न्यायचे असेल तर न्या, नाव लिहायची सक्ती नाही. तिथेच बसून चाळले तर मात्र कृपा करून खोक्यात परत ठेवू नका. टेबलावर उलटे ठेवून जा, मी मोजून घेईन.